मिठाचा पुडा

किराणा दुकानात हिंग-गुळाचा वास आला, की मी वीस वर्षांमागच्या, सदर भागातल्या एका खोलीत जाऊन पोचतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आमची संस्था दरमहा घरपोच किराणा द्यायची. कमलाबाईंकडे पहिली पिशवी ठेवून मी ऐटीत म्हणालो, "आजी, आता दुकानात जायची कटकटच संपली!"

त्यांनी एकेक पुडा काढून खाटेवर मांडला. मीठही निघालं, तसा त्यांचा चेहरा उतरला.

"तो दुकानदारच तेवढा बोलते माह्याशी," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या बारीले मीठ विसरजो गा."

पिशव्या संस्थेतून तोंड शिवूनच यायच्या. त्यातलं काही काढायची मुभा मला नव्हती. कमलाबाई हयात होत्या, तोवर दर महिन्याला मी त्यांना न चुकता मीठ पोचवलं.