जपून ठेवलेला गुडघा

टेलरबाईंचा उजवा गुडघा बदलून नऊ महिने झाले, आणि तेवढ्यात तो त्यांचा सोडून घरातल्या सगळ्यांचा झाला. डॉक्टर एकदा सहज बोलून गेले, "वीस वर्षं कुठे जात नाही." झालं! यजमानांनी तेवढंच धरून ठेवलं. त्यांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा, जन्म गेला झिजलेली चाकं बदलण्यात. कमी फिरवलं की जास्त टिकतं, हा त्यांचा साधा हिशेब. त्यामुळे बाईंनी जिना उतरायचा नाही, मशीनवर तासाभराच्या वर बसायचं नाही, पाणीसुद्धा हे हातात आणून देणार. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक दहा वर्षं न काढणारं घर, गुडघ्याला बरं सोडेल!

"वीस वर्षांनी मी पंच्याऐंशीची होईन," बाई एकदा वैतागून म्हणाल्या. "तेव्हा उरलेला गुडघा काढून कपाटात ठेवणार आहात का?"

"तसं नाही गं. जपलेलं बरं."

आता कुणाकुणाला सांगायचं, की गुडघा बदलला तोच मुळी बॅडमिंटनसाठी? कपडे काय, दुखऱ्या पायानेही शिवून होत होते. पण चाळीस वर्षं संध्याकाळी हॉलवर खेळलेल्या बाईवर बाकावर बसून दुसऱ्यांचे पॉइंट मोजायची पाळी आली, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं, कापा. नंतर पायाची ताकद तपासून डॉक्टरांनी परवानगीही दिली. उड्या नकोत, धावपळ नको, डबल्स बेताबेताने चालेल.

डबल्सला जोडीदार म्हणजे धाकटी नणंद; ती सोबत असेल तरच जा, या अटीवर यजमानांनी कसंबसं सोडलं होतं. शाळेत चित्रकला शिकवते आणि वर्गासारखीच कोर्टावरही सत्ता गाजवते. पहिल्या दिवशी शटल बाईंच्या बाजूला आलं, त्यांनी रॅकेट उचलली, तेवढ्यात "माझं!" म्हणत नणंद आडवी. पुढचंही माझं, कोपऱ्यातलं माझं, नेटजवळचं तर माझंच माझं. अर्ध्या तासात तिला धाप लागली आणि बाईंना घामसुद्धा फुटला नाही. आठवडाभर हेच. सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. "वहिनी, तू फक्त उभी राहा, बाकीचं मी बघते." माया आहे हो, पण असली माया घेऊन काय चाटायचीय?

आठव्या दिवशी बाईंचं डोकं फिरलं. आज जमलं नाही तर रॅकेट कुणाला तरी देऊन टाकायची आणि घरी गुडघ्याची राखण करत बसायचं, असं ठरवूनच त्या हॉलवर आल्या. तिथे कोपऱ्यातल्या टेबल टेनिसच्या टेबलाकडे त्यांचं लक्ष गेलं. या खेळात डबल्सला नियमच आहे. जोडीतल्या दोघांनी आळीपाळीने मारायचं. एकाच माणसाने लागोपाठ दोनदा मारलं, की पॉइंट गेला. बाईंनी नणंदेचं मनगट धरलं आणि तिला ओढतच तिकडे नेलं.

समोर बँकेतून निवृत्त झालेलं जोडपं, दोघंही पक्के खडूस. नणंदेने आपला चेंडू मारला आणि सवयीने वहिनीच्या वाट्याचाही मारला. पॉइंट गेला. पुन्हा तेच, पुन्हा गेला. बँकवाल्यांना फुकटची दिवाळखोरी बघायला मिळाली, ते गालातल्या गालात हसले. नणंदेला हरणं मुळीच सोसत नाही. सहा-शून्य झाल्यावर ती दातओठ खात बाजूला सरकली.

आता चेंडू बाईंच्या उजवीकडे, जरा लांब आला. त्यांनी नुसता हात लांबवला. पाय जागचा हललाच नाही. घरच्यांनी घातलेली भीती आपल्याही अंगात मुरलीय, हे त्यांना तेव्हा कळलं आणि स्वतःचाच संताप आला. चेंडू निघून गेला.

"अगं वहिनी, पाय हलव ना," नणंद खेकसली. "नुसती उभी काय राहिलीस?"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. ऑपरेशन झाल्यापासून असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. राग तर आलाच, पण इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"हलवते," त्या म्हणाल्या. "तू आधी वाटेतून बाजूला हो."