बारा टक्क्यांवर गाठलेलं नांदेड

चूक माझीच होती, हे आधी लिहितो... म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भला माणूस समजणार नाही. चमत्कार वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही.

मी उदगीरचा. दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक कार घेतली. थोरली बहीण, अक्का, उदगीरलाच दिलेली. दाजींची गाडी सीएनजीवर. वर्षभर मी त्यांना छळलं – "दाजी, गॅसच्या लाइनीत उभं राहून केस पिकले की तुमचे! मी घरी प्लग लावतो अन् झोपतो."

दाजी हसायचे. "असू दे दिगंबर. माझी पाच मिन्टात भरती. तुझी रातभर दूध पिती."

मागच्या उन्हाळ्यात सकाळी नऊला नांदेडहून धाकट्या भावाचा फोन आला. माय दवाखान्यात आहे, डॉक्टर म्हणतात लवकर या. अक्का आणि दाजी त्यांच्या गाडीतून माझ्या दारात आले. मी माझी गाडी चालू केली... बावीस टक्के. रात्री प्लग लावला होता, भिंतीवरचं बटणच दाबलं नव्हतं.

"कालच गॅस भरलाय," दाजी म्हणाले, "हिच्यातच चला."

बावीस टक्क्यांत जेमतेम पन्नास किलोमीटर. नांदेड शंभरच्या आसपास. पण दाजींसमोर कबूल करायची लाज वाटली. म्हणालो, "फुल चार्ज हाय. बसा." आकडा दिसू नये म्हणून दोघांनाही मागेच बसवलं.

जळकोटला बारा टक्के. चार्जिंगला थांबावं तर तासभर जाणार, खोटंही उघडं पडणार. मी एसी बंद केला.

"लाव की रे, लई गरम व्हायलंय," दाजी म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आरशात अक्का दिसत होती, पदर मुठीत धरलेली. "घाई नको करू," ती म्हणाली. "माय थांबती माझ्यासाठी."

कंधार आलं – बारा. दवाखान्याच्या फाटकात – बारा. आकडा अडकला असेल, मलाही तेच वाटलं. पण अडकलेल्या आकड्यावर गाडी एवढी चालत नाही.

मायनं अक्काला ओळखलं. अर्धा तास तिचा हात धरून होती. मग गेली.

नंतर सर्व्हिस सेंटरच्या इंजिनिअरनं नोंदी काढल्या. बॅटरीत दोष नाही, त्या दिवशी कुठेही चार्जिंग नाही. "सर, एवढं अंतर होऊच शकत नाही," एवढंच तो म्हणाला. मला आजही याचा उलगडा झालेला नाही.

पण मला खात राहिलं ते वेगळंच. दाजी पाहुण्यारावळ्यांत सांगायचे, "दिगंबरची गाडी होती म्हणून भेट झाली." मी मान खाली घालून ऐकायचो. गेल्या महिन्यात ते सीएनजी विकून माझ्यासारखीच गाडी घ्यायला निघाले, तेव्हा मात्र राहवलं नाही. त्यांच्या घरी गेलो. अक्का शेंगा फोडत होती, दाजी शेजारी पेपर वाचत होते. मी खाली बसलो.

"अक्का, त्या दिवशी गाडी चार्ज नव्हती. मला माहीत होतं. दाजींची गाडी भरून दारात उभी होती... अन् माझ्या तोऱ्यापायी मी तुझी अन् मायची शेवटची भेट पणाला लावली. दाजी, तुमच्याशी खोटं बोललो. अक्का, मला माफ कर."