माझं दर्शन झालं नाही

बाळांनो, माझ्या डाव्या डोळ्याने दिसेनासं होऊन वर्ष झालं. काचबिंदूने तो गेला. उजव्यात मोतीबिंदू वाढला आणि ऑपरेशन ठरलं, तेव्हा मनात आलं, इतकी वर्षं रेणुकामातेची सेवा केली, ती ऐकते तरी का? यातलं काहीच मी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळं जागच्या जागी ठेवणाऱ्या बाईला स्वतःचं अधू होणं कबूल करणं जड जातं.

ऑपरेशनमध्ये काही बिघडलं तर? त्याआधी एकदा वाघ पाहावा, एवढंच मागणं होतं. लातूरच्या आमच्या भजनी मंडळाबरोबर ताडोब्याला गेले. माहूरच्या गडावर आमची एक रीत आहे. गर्दीत दर्शन घेतलं की प्रत्येकीने "झालं" म्हणायचं. शेवटचं "झालं" ऐकल्याशिवाय कुणी पाय हलवायचा नाही. यादी माझ्याकडे, म्हणून शेवटची मी. वाघ देवीचं वाहन, तेव्हा जंगल सफारीच्या उघड्या जिप्सीतही तीच रीत ठरली.

सकाळी तळ्याकाठी गाडी थांबली. गवतात वाघीण बसल्याचं गाईड मुलीने बोटाने दाखवलं. बायकांचे हात जोडले गेले. "झालं." "झालं गं माय." मी मान वळवून शोधत होते, धुरकट डोळ्याला सगळं गवतच. माझी पाळी आली आणि मी "झालं" म्हणून टाकलं.

ड्रायव्हरने किल्लीला हात घातला. देवीपुढे मी खोटं बोलले होते.

"थांबा," मी म्हणाले. "माझं झालं नाही. मला दिसत नाही."

मंडळातल्या शांताबाई कुजबुजल्या, "अन् वर्षभर आमालाच चष्मे पुसायला सांगत होतीस व्हय? सरक, ये हिकडं."

गाईड मुलगी मागे वळली. तिचं नावही मला ठाऊक नाही. तिने दोन बोटांनी माझी हनुवटी हळूच वळवली. "आजी, आता तिथंच पाहा." आणि पिवळं गवत उठून उभं राहिलं. वाघीण संथ चालत पाण्यावर आली, प्यायली, निघून गेली. मग मी हात जोडून म्हणाले, "झालं."

ती माझ्यासाठी उठली असं मी म्हणणार नाही. तिला तहान लागली असेल. पण मी लपवणं सोडलं आणि त्याच क्षणी कुणाचा तरी हात पुढे आला, एवढं खरं. आजवर हात जोडले होते, भार मात्र कधी देवीवर टाकला नव्हता.

मंगळवारी ऑपरेशन आहे. काय व्हायचं ते आता तिच्या हाती. तुमच्या बाबाला आज सगळं सांगते. आणि व्हिडिओ कॉलवर चित्रं दाखवाल तेव्हा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरा. मी नुसतंच "छान, छान" म्हणत होते. कितीतरी मला दिसलीच नव्हती. ती पुन्हा दाखवा.