दोन पलटणींचा एक ढोल

आमच्या माहेरी सगळे भराभर चालतात. आजारी माणूससुद्धा. लग्नानंतर पहिल्याच दिवशी सासूबाईंबरोबर बाजारात गेले, तर त्या धापा टाकत म्हणाल्या, "अगं, कुणी मागे लागलंय का?" आता त्यांना काय सांगणार? माझे बाबा उडत्या पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे आणि आम्ही भावंडं चालायला शिकलो ती मुळी त्यांच्या ठेक्यावर.

उडती पलटण हे काही कागदावरचं नाव नव्हे. कागदावर तिला आकडा होता, पण छावणीत आकड्याने कुणी कुणाला ओळखत नाही. फार जुन्या काळी सैन्याच्या तोफा बैल ओढायचे. तेव्हा डोंगरातल्या खिंडी आधी जाऊन धरायला हलक्या पायाची माणसं लागायची. पाठीवर ओझं कमी आणि पाय जलद, अशांची ही पलटण. दुसरी एक पलटण त्याच तोफांच्या दोन्ही बाजूंनी चालायची. तोफ चिखलात रुतली की खांदा लावायचा आणि शत्रू आला की तिथेच पाय रोवून उभं राहायचं, हे त्यांचं काम. त्यांची चाल बैलांची. बैलांना मागे टाकून पुढे जाणार तरी कुठे? मग काळ बदलला, बैल गेले, तोफा ट्रकमागे लागल्या, लढाईला पायी जाणंच संपलं. पण परेडच्या मैदानावर एक पलटण अजून गाडी चुकल्यासारखी चालायची आणि दुसरी पोटभर जेवून उठल्यासारखी.

आम्ही त्यांना बैल म्हणायचो. ते आम्हाला पळपुटे म्हणायचे. आणि मी लग्न केलं ते एका बैलाशी. त्यातून तोही मोठ्या ढोलावरचा.

"एवढं सैन्य पडलंय," बाबा तेव्हा म्हणाले होते. "तोफखाना आहे, रणगाडे आहेत, बिनतारीवाले आहेत. पुरवठा विभागातला एखादा गोलमटोल कारकून आणला असतास तरी मी हूं की चूं केलं नसतं."

"पुरवठा विभागाला नावं ठेवायची नाहीत," आई आतून म्हणाली. कारण बाबांच्या हिशेबात आमचं घर म्हणजेही सैन्य होतं आणि आई होती पुरवठा विभाग. जेवायला बसलं की ते ताटावर सगळी फौज मांडून दाखवायचे. भात म्हणजे पायदळ, नेहमी मधोमध आणि नेहमी जास्त. वाट्या म्हणजे तोफखाना, मागे पण जवळ. लोणचं म्हणजे कमांडो. थोडंच असतं, पण लक्षात राहतं. आणि वाढणारा हात म्हणजे पुरवठा विभाग, त्याच्याशी वाकडं घेतलं तर बाकी सगळे उपाशी. एवढं मांडून झालं की ते लढाई सुरू करायचे आणि पायदळाचा फडशा पाडायचे.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. आमची माणसं पोचून, पाणी पिऊन, भिंतीवरच्या सूचना वाचून कंटाळली, तेव्हा नवऱ्याकडची माणसं अजून रस्त्याच्या वळणावर होती. बाबा खिडकीतून बघत म्हणाले, "तोफ रुतली वाटतं."

माझा नवरा चिडत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. बाबांनी कितीही टोचलं तरी तो हसून "बरोबर आहे, बाबा" म्हणतो. जेवणानंतर दोघे पान आणायला निघायचे, तर बाबा कोपऱ्यावर पोचलेले आणि हा अजून फाटकाशी. एक पुढे, एक मागे. दोघांचं बोलणं होणार कधी? इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही खांद्याला खांदा लावून चालताना पाहिलं नव्हतं. आणि मला खरं सांगायचं तर त्याचं फार वाईट वाटायचं. दोघेही माझे, दोघेही ढोलवाले, आणि एकमेकांशी बोलायचं तर तेही ओरडून.

मग गेल्या वर्षी मुख्यालयाचा हुकूम आला. आता सैन्याला पायी चालणारे कमी आणि यंत्रांपुढे बसणारे जास्त हवे होते. म्हणून कितीतरी जुन्या पलटणी एकमेकींत मिसळायच्या ठरल्या. आमच्या वाट्याला आले बैल. दोन्हींची मिळून एक पलटण, एक झेंडा, एक बँड. आणि बँडमध्ये मोठा ढोल एकच असतो. बाबा कधीच निवृत्त झाले होते, त्यांच्या जागेवरचा ढोलवाला दुसरीकडे बदलून गेला होता. ढोल आला माझ्या नवऱ्याच्या गळ्यात.

"झालं," बाबा म्हणाले. "खिंड बैलांनी घेतली."

"बाबा, आता दोन्ही पलटणी ट्रकनेच जातात," माझा नवरा म्हणाला.

"ट्रकपर्यंत चालतच जावं लागतं, जावईबापू."

खरा घोळ चालीचा होता. नव्या पलटणीने चालायचं कसं, भराभर की संथ? त्यासाठी अधिकाऱ्यांची समिती बसली. बसली ती बसलीच. अर्धे उडत्या पलटणीचे, अर्धे बैल, कोण मागे हटणार? शेवटी विलीनीकरणाचा दिवस तोंडावर आला तेव्हा असं ठरलं की चालीचा निर्णय मागाहून, त्या दिवशी निवृत्त सैनिकांनी आपापल्या जुन्या चालीने शेवटचं संचलन करावं. आधी म्हातारे बैल, मग म्हातारे उडते.

बाबांना हर्ष झाला. त्यांनी पदकं घासली, बूट घासले, आईचं डोकं खाल्लं. शेजाऱ्यांना सांगून झालं, वाण्याला सांगून झालं. आणि मला एके सकाळी ते मागच्या गल्लीत दिसले. भिंतीला टेकून कसलीशी जाहिरात वाचत होते. बाबा आणि जाहिरात! जवळ गेले तर एक हात उजव्या गुडघ्यावर आणि कपाळावर घाम.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय चाललंय? वाचतोय."

घरी नेऊन पाहिलं तर गुडघा हा एवढा सुजलेला. मी म्हटलं, मान्यवरांबरोबर खुर्चीत बसा, तोही मानच आहे. ते म्हणाले, "खुर्चीत बसून उडती पलटण होत नाही." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "जावईबापूंना कळता कामा नये. शपथ आहे."

मी तोंडाला कुलूप लावलं, पण माझी झोप उडाली. सगळ्या छावणीसमोर, सेनापतींसमोर बाबा रांगेतून मागे पडले तर? पडलेच तर? तो माणूस त्यानंतर घराबाहेर पडला नसता. आणि त्यांना मागे पाडणारा ठोका वाजवणार कोण, तर माझाच नवरा.

त्या दिवशी मैदान नुसतं फुललं होतं. मी आणि आई दोरीला चिकटून उभ्या. आधी म्हातारे बैल गेले, संथ, रुबाबात, अगदी गोड दिसले. पळपुट्याची मुलगी असूनही सांगते. मग ढोलाने दोन जोरदार ठोके दिले, चाल बदलली, आणि उडती पलटण निघाली.

बाबा पुढच्या रांगेत, कडेला. हनुवटी वर, हात सरळ. पहिला टप्पा छान गेला. मैदानाच्या मध्यावर आले आणि मला त्यांचा उजवा पाय दिसला. तो जमिनीला टेकत होता, पण विश्वासाने टेकत नव्हता. आईने माझं मनगट घट्ट धरलं. म्हणजे तिलाही माहीत होतं.

आणि तेवढ्यात काहीतरी सैल झालं. काय ते मला चटकन कळेना. ढोल वाजतच होता, कर्णे वाजतच होते. पण माझ्या नवऱ्याचा हात किंचित वर थांबायला लागला होता. पुढच्या ठोक्याला आणखी थोडा. बँड ढोलाच्या मागे जातो, पाय बँडच्या मागे जातात. बँडमास्तरांनी झटकन मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर टिपरी टाकून पळाला असता. हा आपला समोर पायांकडे बघत वाजवतोय. रांगेतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे एकेक करून सुटले. कुणाची कंबर, कुणाचा दम, कुणाची टाच. अहो, सगळ्यांचंच काही ना काही दुखत होतं आणि एकही जण कबूल करणारा नव्हता. रांग सुतासारखी सरळ सेनापतींसमोरून गेली. बाबांची मान वळली, सलामी झाली. आई रडत होती आणि मीही.

नंतर सेनापतींनी बँडमास्तरांना विचारलं, "ही शेवटची चाल कुठली? बरी वाटली."

बँडमास्तर मोठा धोरणी माणूस. "दोन्हींची मिळून बसवली आहे, साहेब," म्हणाले. समितीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि नव्या पलटणीची चाल तीच ठरली. उद्या कुणी पलटणीचा इतिहास लिहील, त्यात समितीचे गोडवे गाईल. खुशाल गावेत. ती चाल माझ्या बाबांच्या गुडघ्याने ठरवली.

चहाच्या तंबूत बाबा सरळ माझ्या नवऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. मी देवाचं नाव घेतलं.

"ढोल घसरला."

"हो, बाबा."

"मला कळणार नाही असं वाटलं? जन्म गेला माझा त्या ढोलामागे."

"कळणार हे माहीत होतं."

बाबा एक पाऊल जवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "अलगद उतरवलास. एकाही पायाला पत्ता लागला नाही. मला नसतं जमलं." आणि एकदम माझ्याकडे वळून, "हिने सांगितलं ना?"

"नाही," माझा नवरा म्हणाला. "इतकी वर्षं तुमच्या मागून चालतोय, बाबा. मागच्याला पुढच्याचे गुडघे दिसतात."

बाबांनी कप खाली ठेवला. त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि थोडा भारही टाकला. तो हात तिथेच राहिला.

घरी निघालो. मी आणि आई सवयीने झपाझप कोपऱ्यावर पोचलो आणि मागे वळून पाहिलं. दोघे खांद्याला खांदा लावून रमतगमत येत होते. बाबा हवेत ठेका धरून त्याला काहीतरी समजावत होते, तो मान डोलावत होता. आई म्हणाली, "चला की लवकर."

बाबांनी लांबूनच हात हलवला.

"थांबा जरा," ते ओरडले. "कुणी मागे लागलंय का?"