चौथ्या रकान्यातलं नाव

सिस्टरांवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, आपल्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत. तुम्ही तिथं होतात. तेव्हा वेळेबद्दल वाद नको.

सिस्टर म्हणजे उपकेंद्रातल्या निवृत्त नर्सबाई. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. "माझं नगं, आईचं लिव," असं त्यांनीच सांगून ठेवलंय.

कादंबरी हातात आली की त्या मागून उघडायच्या. शेवट बघायला नव्हे, मागचं पान कोरं आहे का ते बघायला. मग कानावरची पेन्सिल काढून त्यावर चार रकाने आखायच्या: आई, बाळ, कुठं, कुणी केलं. उपकेंद्रातल्या बाळंतपणाच्या रजिस्टरसारखे.

त्यांना जाडजूड कादंबऱ्याच लागायच्या. पणजोबा कोकणातून निघतो, आजोबा गिरणीत, बाप खानदेशात, नातू परदेशात. चार पिढ्या तरी पाहिजेत आणि घर हललं पाहिजे.

"माणसं हलत्यात तवा बाया पोटुशा असत्यातच गं," त्या म्हणायच्या. "पान ऐंशीवर बाई गाडीत बसली, सातवा म्हैना. पान ब्याऐंशीवर पोरगं पाटी घिऊन शाळंत! मधी काय झालं? लेखक झोपला व्हता व्हय?"

आणि चौथ्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढायच्या. एकेका पुस्तकात वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं.

एका नावाजलेल्या कादंबरीत त्यांनी तेरा महिन्यांचं गर्भारपण पकडलं. लेखकाला कार्ड टाकलं: "आपली नायिका गाढवीण तर नाही ना, कळवावे." उत्तर आलं: "चूक माझी. पुढच्या आवृत्तीत सुधारतो." ते कार्ड त्या लसीकरणाच्या कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत जपून ठेवायच्या.

मोर्च्यासाठी मी लिहिलेलं पत्रकही त्यांनी असंच वाचलं होतं, चष्मा कपाळावर चढवून. "शोषित हाय, वंचित हाय, पीडित हाय. ह्यात माणूस कुठाय, पोरी?" मी चिडले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओट्यावर जायला लागले.

रडताना मी त्यांना एकदाच पाहिलं. एका कादंबरीत सुईण बाहेर येते आणि ओले हात पुसायला काही नाही म्हणून उन्हात धरून उभी राहते. एवढंच वाक्य. सिस्टरांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "हा लिवणारा माणूस दारात उभा ऱ्हायला व्हता," म्हणाल्या. चौथ्या रकान्यात सुईणीचं नाव लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग आपल्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी कादंबरी लिहिली.

सहाशे पानं. उजनीच्या पाण्याखाली गेलेलं जुनं गाव, भिगवणच्या रस्त्यानं निघालेल्या बैलगाड्या, आपण येऊन वसलो तो हा माळ. प्रकाशनाला घरटी एक प्रत फुकट. जेवणही होतं, म्हणून आपण सगळे होतो. अध्यक्षांनी स्वतःच्या जन्माचं पान स्वतः वाचलं: "कुणाचाही आधार नसताना, आभाळाच्या छपराखाली, माझ्या आईने मला जन्म दिला." त्या वाक्याला टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात.

सिस्टरांनी वाचनालयाची प्रत चार दिवसांत संपवली. मागच्या पानावर रकाने आखले. चौथ्या रकान्यात लिहिलं: "धोंडाबाई. नवं ब्लेड. चादर मी धरली."

मी शेजारीच होते. धोंडाबाई कोण, असं विचारलं.

"माझी आई. आमची गाडी समद्यांच्या मागं चालायची, आमची सावली नगं म्हणून. ह्याच्या आईला कळा सुरू झाल्या तवा म्होरं बोलावलं. आई ब्लेड आणाय भिगवणच्या दुकानापतूर पळत गेली. मी बारा वर्साची. चादर धरून धरून हात भरून आलं."

मी खात्री केली. अध्यक्षांच्या मातोश्री अजून आहेत. त्यांना जाऊन विचारलं. "धोंडाच व्हती," म्हणाल्या. "तिचं हात लई गार." मग म्हणाल्या, "पाणी मातुर आमी तिला वरनंच वाढलं."

आता सभा. अध्यक्षांनी ते पुस्तक वर धरून दाखवलं. "ग्रंथालयाच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण," असं म्हणाले. सिस्टरांचं सभासदत्व रद्द. मग टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं आणि सगळ्यांसमोर ते पान कापलं. अगदी सरळ, शिवणीपासून.

सिस्टर तिसऱ्या रांगेत होत्या. एरवी त्यांना अध्यक्षसाहेब म्हणणाऱ्या. त्या उठल्या.

"ब्लेड नवं हाय का रं?" त्यांनी विचारलं. "तुझ्या येळंला आईनं नवं घेतलं व्हतं."

पिशवी खांद्याला लावली आणि दारातून गेल्या. एकही खुर्ची वाजली नाही. पुढच्या रांगेतले मोबाइल बघत होते. मागचे चहाची वाट बघत होते. मी चौकात माइक धरून घसा फोडणारी, मीसुद्धा बसून राहिले. हे मी स्वतःला माफ करणार नाही. तुम्हालाही करणार नाही.

त्यानंतर मी बारामतीच्या वाचनालयातून दुसऱ्याच्या नावावर कादंबऱ्या आणून दिल्या. त्या वाचायच्या, पण पेन्सिल लावायच्या नाहीत. "परक्याचं हाय. नगं," म्हणायच्या. मागचं कोरं पान नुसतं हातानं सारखं करायच्या, बाळाची दुपटी करतात तसं. फाल्गुनात सिस्टर गेल्या. खिडकीत पेन्सिल होती, टोक केलेली.

अध्यक्षांची दुसरी आवृत्ती येतेय म्हणे. ते वाक्य तसंच आहे.

तर ऐका. घरटी एक प्रत तुमच्याकडे आहे. कपाटावरून काढा, टीव्हीखालून काढा, तक्क्याखाली उंचीला लावली असेल तर तिथून काढा. मागचं पान उघडा. चार रकाने आखा. चौथ्यात लिहा: धोंडाबाई. पेन्सिलीनं नको, पेननं. आणि येत्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराला, ते पुस्तक स्वतःच्या हातानं अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवा. एकामागून एक. अख्ख्या गावानं.

बसू दे त्याला कापत.