एका हाताची मीठदाणी

"हे झाकणं घेऊन जा मॅडम. इथं कोणाले लागून नाही राह्यले."

गजाननभाऊंनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. आतून सतरा झाकणं घरंगळत बाहेर आली. सगळी मिठाच्या डब्यांची. आठवड्यापूर्वी मीच त्यांच्या हॉटेलात टेबलांवर मीठ आणि मिरेपुडीच्या डब्यांच्या वीस जोड्या ठेवून गेले होते. मिऱ्यांच्या डब्या जशाच्या तशा होत्या. मिठाच्या सतरा डब्या उघड्या पडल्या होत्या आणि लोक त्यात चमचा, बोट, काय सापडेल ते घालत होते.

गजाननभाऊ चिखली ते देऊळगाव राजा रस्त्यावरच्या त्या हॉटेलचे मॅनेजर. हॉटेल पुण्याच्या एका कंपनीचं. त्या कंपनीला आपल्या सगळ्या हॉटेलांसाठी मीठ-मिऱ्यांच्या नव्या डब्या हव्या होत्या आणि ट्रायल इथे चालू होती. डब्या आमच्या कारखान्याच्या. डिझाइन माझं.

आमचा कारखाना चिखलीत. ठिबक सिंचनाचे सुटे भाग बनवतो. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबायचे, थंड झाले की वस्तू बाहेर. साच्याला आम्ही मोल्ड म्हणतो. आजवर दुसऱ्यांनी पाठवलेल्या ड्रॉईंगवर काम केलं. स्वतःची वस्तू बनवायची ही पहिलीच वेळ होती. तायडे साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ती माझ्याकडे दिली. मी अमडापूरची, घरातली पहिली इंजिनिअर. पाच वर्षं क्वालिटीत होते, म्हणजे तयार माल मोजून-तपासून पास किंवा रिजेक्ट करायचा. डिझाइनचं टेबल मला सहा महिन्यांच्या बोलीवर मिळालं होतं. साहेब स्पष्ट म्हणाले होते, "जमलं तर तू तिथं. नाही जमलं तर परत क्वालिटीत. वाईट वाटून घेऊ नको."

आता ती सतरा झाकणं बघून मला वाईट वाटायला लागलंच.

"काऊन काढतात झाकण?" मी विचारलं.

"मीठ येत नाही त्यातून," गजाननभाऊ म्हणाले. "जुलै चालू हाय. मीठ ओलं होते. पोरं त्यात तांदूळ टाकतात, ओल धरू नये म्हणून. तर एक-एक दाणा एकेका छिद्रात जाऊन बसते. बूच लागल्यावानी."

मी झाकण उजेडात धरलं. खरंच, सातपैकी चार छिद्रांत तांदूळ अडकला होता.

कारण मिळालं असं मला वाटलं. कारखान्यात येऊन सगळी छिद्रं ड्रिलने मोठी करून घेतली आणि दोन दिवसांत डब्या परत टेबलांवर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. एका गिऱ्हाइकाच्या दालफ्रायमध्ये अर्धी डबी मीठ झाकणासकट पडलं होतं.

"झाकण कसं पडलं? छिद्रं तर मोठी केली ना?"

"केली साहेब."

"मग तरी उघडून राह्यले लोकं?"

साहेबांनी पुढचं सांगितलं ते आणखी जड होतं. पुण्याहून सबनीस मॅडम पुढच्या गुरुवारी येणार होत्या. त्या कंपनीच्या खरेदी विभागाच्या प्रमुख. त्यांच्या बॅगेत एक परदेशी कॅटलॉग होता. आमचं पसंत पडलं नाही तर त्या त्यातला तयार सेट घेणार होत्या.

"इंगळे, आठ दिवस आहेत," साहेब म्हणाले. "तोवर काय करायचं ते कर."

मी ड्रॉईंग केलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला हॉटेलात गेले, कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि लोकांचे हात पाहत राहिले.

हे मी आधीच करायला हवं होतं. मी डबी माझ्या टेबलावर तपासली होती. दोन्ही हात स्वच्छ, समोर पांढरा कागद. डबी उलटी केली, हलवली, कागदावर छान मीठ भुरभुरलं. पास.

इथे समोर एक ट्रॅक्टरवाले काका बसले होते. भाकरी, पिठलं, कांदा, हिरवी मिरची. उजवा हात मनगटापर्यंत उष्टा. त्यांनी डाव्या हाताने डबी उचलली आणि ताटाच्या कडेला उलटी धरली. जेवणावर नाही, कडेला. तिथे त्यांना मिठाची छोटी रास हवी होती, मिरची बुडवायला, कांदा लावायला. आमच्या घरी आईसुद्धा मीठ असंच वाढते, ताटात बाजूला, चिमूटभर. कोणी वरून भुरभुरत नाही. सात छिद्रांतून मीठ ताटभर पसरलं. रास झालीच नाही. काकांनी डबी काखेत धरली, उष्ट्या हाताच्या दोन बोटांनी झाकण फिरवलं आणि चिमूट घेतली. झाकण परत लावायला त्यांच्याकडे स्वच्छ हात होता कुठे? त्यांनी ते तसंच टेकवून ठेवलं.

त्यानंतर त्या टेबलावर एक बाई आल्या. डबी उचलली, झाकणाच्या आट्यांना लागलेलं पिठलं पाहिलं आणि नाक मुरडून डबी दूर सारली. "इऽऽ, कोणाचं उष्टं हाय हे? भाऊ, वाटीत मीठ आणा बरं."

सगळं समजलं. माझी डबी दोन हातांच्या माणसासाठी होती. आपल्याकडे जेवताना माणसाजवळ एकच हात मोकळा असतो, तोही डावा. आणि उष्टी, ओली बोटं आत गेली की मीठ ओलं होणारच. ओलं झालं की अडकतं, अडकलं की पुढचा माणूसही झाकण काढतो. छिद्रं मोठी करून मी फक्त पुढचा गोंधळ वाढवला होता.

त्याच दुपारी मी सलीमचाचांकडे गेले. ते आमच्या टूलरूमचे, म्हणजे जिथे साचे घडतात त्या खोलीचे, उस्ताद. लेथवर बसले की बोलत नाहीत, म्हणून चहाची वेळ गाठली.

"चाचा, झाकणच नको. गिऱ्हाइकाला उघडताच येऊ नये."

"मग मीठ भरायचं कुठून, आसमानातून?"

"खालून. तळाला बूच. वेटर नाण्याने उघडेल. वर एकच छिद्र, मोठं, तांदळाने बुजणार नाही असं."

"मोठ्या छिद्रातून सगळंच येईन ना बे." मग माझ्याकडे बघून हसले. "बे नाही, बेटा."

हीच खरी अडचण होती. एका मोठ्या छिद्रातून मिठाची धार लागते. मला चिमूट हवी होती. चाचांनी चहाचा कप खाली ठेवला, बाकावरचा एक ड्रिपर उचलला आणि माझ्या हातात दिला. ड्रिपर म्हणजे ठिबकच्या नळीत बसणारा छोटा तुकडा. त्यात पाण्याला नागमोडी वाट असते, म्हणून ते थेंबाथेंबानं येतं.

"पाण्याले वळण देतो आपण. मिठाले पण दे एक."

एक वळण. जास्त दिली तर मीठ अडकलं असतं. मी घरी जाऊन त्यावर विचार केला. चिखलीच्या बाजारात ज्वारीचं पोतं ओततात तेव्हा ढिगाचा उतार ठरलेला असतो. त्या उताराला आला की ढीग सरकत नाही, थांबतो. मिठाचंही तसंच. छिद्राच्या आत एक आडवी पायरी ठेवली तर डबी उलटी केल्यावर मीठ पायरीवर येऊन थांबेल. एक झटका दिला की पायरीवरचं तेवढं पडेल, मागून दुसरं येऊन बसेल. एक झटका, एक चिमूट.

चाचांनी नायलॉनच्या रॉडमधून नमुने कातून दिले. पहिल्याची पायरी आखूड होती, धार लागली. दुसऱ्याची इतकी लांब की मीठ येईना. चाचा परत मशीनवर गेले. तिसरा नमुना मी डाव्या हातात धरून उलटा केला. काही पडलं नाही. झटका दिला. कागदावर चिमूटभर मीठ, एकाच जागी.

"अजून एक दे," चाचा म्हणाले.

दिला. दुसरी चिमूट पहिलीच्याच डोक्यावर पडली.

चाचांनी त्यात बोट लावून चाखलं. "हाव. नमकच हाय," म्हणाले आणि पुढच्या दहा डब्यांचं काम सुरू केलं.

साहेबांना मात्र वेगळी चिंता होती. "मिऱ्याच्या डबीले तर अशी रास नको. मिरे वरूनच भुरभुरतात, आमलेटवर, सूपमध्ये. मग दोन डब्या दोन तऱ्हेच्या? मॅडमने सांगितलं आहे, जोडी दिसली पाहिजे."

"जोडीच दिसेल साहेब. बॉडी एकच, मोल्ड एकच. फक्त वरच्या भागाचा इन्सर्ट बदलायचा." इन्सर्ट म्हणजे साच्यातला काढता-घालता येणारा तुकडा. मिठाला एक छिद्र, मिऱ्याला बारीक छिद्रं. बाहेरून भावंडं, आतून ज्याचं त्याचं काम.

साहेबांनी मान हलवली. होकार होता की काळजी, कळलं नाही.

गुरुवारी सबनीस मॅडम आल्या त्या थेट हॉटेलात. बसल्या-बसल्या त्यांनी कॅटलॉग काढला. "तायडे, मी स्पष्टच सांगते. झाकणाचा किस्सा मला कळला आहे. तुमचं प्रेझेंटेशन दहा मिनिटांत आवरा, मला संध्याकाळपर्यंत जालना गाठायचं आहे."

माझ्या लॅपटॉपमध्ये बारा स्लाईड होत्या. मी लॅपटॉप बंद केला.

"मॅडम, आधी जेवून घेऊ या का? उशीर झालाय."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की क्वालिटीतली माझी जुनी खुर्ची मला दिसली. पण मॅडमनाही भूक लागली होती. पिठलं-भाकरी आली, ठेचा आला, कांदा आला. मॅडम हाताने जेवणाऱ्या निघाल्या, तेवढं माझं नशीब. चार घास झाले.

"ठेच्यात मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या कॅटलॉगमधल्यासारखीच, आट्याच्या झाकणाची आमची जुनी डबी पुढे केली. त्यांनी डाव्या हाताने उचलली, ठेच्याजवळ धरली, हलवली. मीठ ताटभर गेलं. ठेच्याच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्या सवयीने झाकणाकडे उजवा हात नेऊ लागल्या आणि मध्येच थांबल्या. बोटं ठेच्यात भरलेली. डबी एका हातात, दुसरा हात हवेत.

गजाननभाऊंनी हसू लपवायला तोंड फिरवून रुमाल काढला.

मी नवी डबी ठेवली. "मॅडम, डाव्या हातानेच. उलटी धरा आणि एक झटका."

ठेच्याच्या शेजारी चिमूटभर मीठ पडलं. त्यांनी आणखी एक झटका दिला. मग एक गरज नसताना दिला, फक्त बघायला.

"उघडायची कुठून?"

"तुम्हाला उघडायची नाही. तळाला बूच आहे, ते वेटरचं काम."

"आणि मिरे?"

"तीच बॉडी, वरचा इन्सर्ट वेगळा. जोडी दिसते ना?" मी मिऱ्यांची नवी डबी पुढे सरकवली.

मॅडमनी दोन्ही डब्या शेजारी ठेवून पाहिल्या. "हे कोणी डिझाइन केलं?"

"इंगळे मॅडमनी," साहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं.

"वळणाची आयडिया सलीमचाचांची," मी म्हणाले. ते सांगणं गरजेचं होतं.

मॅडमनी कॅटलॉग बॅगेत टाकला आणि गजाननभाऊंना अजून एक भाकरी मागितली. ऑर्डर त्यांच्या सगळ्या हॉटेलांसाठी मिळाली. त्या दिवशी जालन्याला त्या उशिराच पोचल्या असतील.

मोल्ड तयार झाला तेव्हा फायनल ड्रॉईंगच्या कोपऱ्यात 'डिझाइन' या रकान्यात माझं नाव आणि 'टूलरूम' या रकान्यात चाचांचं नाव आलं. त्याची एक प्रिंट मी अमडापूरला नेली. वडिलांना ड्रॉईंग वाचता येत नाही. त्यांनी कोपऱ्यातलं नाव वाचलं, कागद नीट गुंडाळला आणि ठेवायला चांगली जागा शोधू लागले. डिझाइनच्या टेबलाची बोली संपली. मी तिथेच आहे.

नव्याने डिझाइनमध्ये येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. कुठलीही वस्तू आखायला घेताना ती वापरणाऱ्याचे हात त्या वेळी कसे असतील, ते आधी जाऊन बघा. आणि क्लायंटसमोर प्रेझेंटेशन असेल तर ते जेवणाच्या आधी ठेवू नका, नंतर तर मुळीच नको. मध्ये ठेवा.