धुळीचं आभाळ

आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी आभाळं बनवते. आमच्या पिंप्राळ्याच्या घराच्या गच्चीवर कॅमेरा लावून ती चारी बाजूंचे फोटो काढते आणि असे जोडते, की सांधा दिसत नाही. मी शोधून पाहिला आहे. "काका, टाकीमागे बसा ना, तुमचं टक्कल येतंय आभाळात," हे तिचं माझ्याशी नेहमीचं बोलणं.

या उन्हाळ्यात तिला केळीच्या बागेवर येणारं वादळ दाखवायचं होतं. रावेरला जाऊन तिने तांबूस, गढूळ आभाळ टिपून आणलं.

मी मोटर बंद करायला सांगायला वर गेलो, तेव्हा खेळ बनवणाऱ्या कंपनीचे साहेब फोनच्या स्पीकरवर होते. "मळकट दिसतंय. काळे ढग टाका, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

"द्या, सर. आमच्याकडे आधी धूळच येते. मी बदलणार नाही." एरवी हळू बोलणारी ही मुलगी.

तेवढ्यात गच्चीकडे निघालेल्या माझ्या आईची नजर पडद्यावर गेली. आई नरडाण्याकडची. "ओ माय! वावधन येई ऱ्हायनं! पापड उचल वं पोरी!" म्हणत ती धावली. बाहेर लख्ख ऊन होतं.

"काय म्हणाल्या त्या?" साहेबांनी विचारलं.

"वादळ येतंय, पापड उचल म्हणाल्या."

साहेब म्हणाले, "राहू द्या तेच."

मला तो खेळ खेळता येत नाही. पाहुण्यांना मात्र मी तो लावून दाखवतो आणि म्हणतो, माणसं नंतर बघा, आधी वर बघा.